सूर आणि गळती

२ ऑक्टोबर २०१८ रोजी भौतिकशास्त्राचं नोबेल जाहीर झालं, तेव्हा तीन मानकऱ्यांपैकी डोना स्ट्रिकलँड यांच्यावर इंग्रजी विकिपीडियात लेखच नव्हता. ज्यांच्या हाताखाली त्यांनी पीएच.डी.चं काम केलं आणि ज्यांच्याबरोबर हे पारितोषिक त्यांना मिळालं, त्या जेरार मुरू यांच्यावर मात्र होता, कित्येक वर्षांपासून होता. स्ट्रिकलँड यांच्यावरचा मसुदाही त्याच वर्षी कोणीतरी दाखल केला होता. मे महिन्यात एका स्वयंसेवक तपासनिसाने तो परत पाठवला. व्यक्तीची दखल घ्यावी असं दाखवणारे स्वतंत्र संदर्भ पुरेसे नाहीत, हे कारण. बाई तोवर ऑप्टिकल सोसायटीचं अध्यक्षपद भूषवून मोकळ्याही झाल्या होत्या. मारी क्युरी (१९०३) आणि मारिया गोपर्ट मायर (१९६३) यांच्यानंतर हे नोबेल मिळवणाऱ्या त्या तिसऱ्या स्त्री.

या प्रकरणावर तेव्हा भरपूर टीका झाली, थट्टाही झाली. माझ्या लक्षात राहिली ती नकाराची भाषा. तयार साच्यातला मजकूर, मृदू, संदर्भ जोडून पुन्हा पाठवा असं सुचवणारा. कोणी कोणाला शिवी दिली नाही, कोणाचा आवाज चढला नाही. विकिपीडियाच्या पाच आधारस्तंभांपैकी चौथा सभ्यतेचा आहे. त्याला ओरखडाही उमटला नाही. त्या तपासनिसावर राग धरण्यातही अर्थ नाही. वर्तमानपत्रांनीच बाईंविषयी फारसं छापलं नव्हतं, तर तो तरी संदर्भ कुठून काढणार?

म्हणून ऑनलाइन सभ्यतेची चर्चा शिव्यांपासून सुरू करायला माझा विरोध आहे. शिव्या मोजायला सोप्या असतात. त्यांची यादी करता येते, यंत्राला शिकवता येते, नियमावलीत एक कलम घालून टाकता येतं. पण सभ्यता सुरावरून मोजायची ठरवली की ज्याचा सूर चढला तो दोषी ठरतो, आणि तो चढण्याआधी काय काय होऊन गेलं याची विचारपूस होत नाही. या हिशेबात बायका हमखास तोट्यात जातात. त्या जात्याच नाजूक असतात म्हणून नव्हे. तेच एक वाक्य चार लोकांत लिहायला बाईला जी किंमत पडते ती पुरुषाला पडत नाही, म्हणून.

बायका मुळातच गोड बोलतात आणि पुरुष अंगावर येतात, असं एक सोयीचं शास्त्र आपल्याकडे आहेच. इंटरनेटवर त्याची पहिली कसोटी लागली ती ई-मेलच्या जमान्यात. सुझन हेरिंग या अमेरिकी भाषाशास्त्रज्ञ बाईंनी १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला प्राध्यापक-संशोधकांच्या मेलिंग लिस्ट बारकाईने तपासल्या. सगळी शिकलेली माणसं, बहुतेक खऱ्या नावाने लिहिणारी. तरीही बायका आपल्या संख्येच्या मानाने कमी लिहीत, थोडक्यात लिहीत, आणि ‘चुकत असेन तर सांगा’ छापाची पुस्ती जोडत. पुरुष लांबलचक लिहीत, ठाम लिहीत, उपरोध वापरत. इथवर सोयीचं शास्त्र पास. पण वादांमधल्या सुराचा त्रास होतो का, असं विचारल्यावर पुरुषांनीही हो म्हटलं आणि बायकांनीही. फरक पुढे होता. विद्वत्तेच्या धंद्यात हे चालायचंच, असं म्हणून पुरुषांनी तो त्रास सोडून दिला. बायकांनी लिहिणं सोडून दिलं.

हेरिंग यांनी नोंदवलेला दुसरा प्रसंग मला अधिक बोलका वाटतो. लेखन शिकवणाऱ्या प्राध्यापकांच्या एका यादीवर ‘पुरुषांचं साहित्य’ असा अभ्यासक्रम असावा का यावरून वाद पेटला. त्या वादात दोन दिवस असे आले की बायकांचे संदेश पुरुषांपेक्षा जास्त भरले. लगेच काही पुरुषांनी या चर्चेबद्दल नाराजी व्यक्त केली, यादी सोडून जाण्याची धमकी दिली. एकूण वादात पारडं पुरुषांकडेच झुकलेलं होतं. दोन दिवस ते जरा हललं, तेवढ्यानेच माणसं अस्वस्थ झाली. तिथे कोणी उर्मट बोललं होतं म्हणून नव्हे. बाया फार बोलतायत, ही भावना नुसत्या संख्येतून जन्मली. कॉलेजच्या स्टाफरूममध्ये, ग्रामसभेत, संपादकीय बैठकीत बसलेल्या कोणत्याही बाईला हे नवीन नाही.

आता सरळ बोलणाऱ्यांची बाजू. तिला वजन आहे आणि ती चेष्टेवारी नेण्यासारखी नाही. लिनक्स या मुक्त संगणकप्रणालीच्या गाभ्याची मेलिंग लिस्ट तिखट भाषेसाठी प्रसिद्ध होती, आणि लिनक्सचे जनक लिनस टोरवाल्ड्स स्वतः त्यात सर्वांच्या पुढे. जुलै २०१३ मध्ये सेज शार्प या विकासकाने त्याच यादीवर जाहीरपणे सांगितलं की ही शिवीगाळ थांबवा. टोरवाल्ड्स यांचं म्हणणं असं की खोटं सौजन्य आपल्याला जमत नाही. राग आला तर तो स्पष्ट दिसलेला बरा, निदान समोरच्याला कळतं तरी. भिकार कोडला भिकार म्हणावंच लागतं, कारण तो पुढे कोट्यवधी फोनमध्ये जाऊन बसतो. हा मुद्दा मला पटतो. पण कोडला भिकार म्हणणं आणि माणसाला म्हणणं यातलं अंतर त्या यादीवर रोज पुसलं जात होतं. २०१५ मध्ये शार्प यांनी तिथलं काम सोडल्याचं जाहीर केलं. सप्टेंबर २०१८ मध्ये टोरवाल्ड्स यांनी स्वतःच आपल्या वागण्याबद्दल माफी मागितली, काही काळ रजा घेतली आणि प्रकल्पाने नवी आचारसंहिता स्वीकारली. दर्जा घसरेल, गुणवान माणसं जातील, असा तेव्हा बराच आरडाओरडा झाला. लिनक्सची नवी आवृत्ती दर नऊ-दहा आठवड्यांनी येते. ती त्यानंतरही तशीच येत राहिली.

सरळ बोलण्याचं स्वातंत्र्य म्हणून जे सांगितलं जातं त्याच्या मागे एक गृहीत दडलेलं असतं: तुम्हीही मला तसंच बोला, हिशेब चुकता. हिशेब चुकता होत नाही, हीच तर तक्रार आहे. पुरुषांनाही ऑनलाइन शिव्या मिळतात, कदाचित जास्तच. अमेरिकेतल्या प्यू संशोधन केंद्राच्या २०२१च्या पाहणीत कोणत्या ना कोणत्या प्रकारचा ऑनलाइन छळ अनुभवलेल्या पुरुषांचं प्रमाण ४३ टक्के निघालं, स्त्रियांचं ३८. हे आकडे दाखवून ‘बघा, रडतंय कोण’ म्हणणारे पुढचं पान उलटत नाहीत. पस्तिशीच्या आतल्यांमध्ये लैंगिक स्वरूपाचा छळ झाल्याचं ३३ टक्के स्त्रियांनी सांगितलं, पुरुषांपैकी ११ टक्क्यांनी. पुरुषाला मूर्ख म्हणतात, विकाऊ म्हणतात. बाईला तिच्या देहावरून बोलतात, आणि ती राहते कुठे हे आम्हाला माहीत आहे असं सुचवतात. पहिल्या प्रकाराला उत्तर देता येतं. दुसऱ्याला काय उत्तर देणार?

लंडनच्या ‘गार्डियन’ने २०१६ मध्ये आपल्याच संकेतस्थळावरच्या सात कोटी प्रतिक्रिया तपासल्या. ज्यांच्या लेखांखाली सर्वाधिक शिवराळ मजकूर रोखावा लागला अशा पहिल्या दहा नियमित लेखकांत आठ स्त्रिया होत्या आणि दोन कृष्णवर्णीय पुरुष. सर्वांत कमी त्रास झालेले दहाही जण पुरुष. आपल्याकडे ॲम्नेस्टीने २०१९च्या लोकसभा निवडणुकीच्या काळात ९५ स्त्री राजकारण्यांना उद्देशून केलेले एक लाख चौदा हजारांवर ट्वीट तपासले. सातातला एक त्रासदायक किंवा शिवराळ निघाला. आणि १ जानेवारी २०२२ला ‘बुली बाई’ नावाच्या ॲपवर मुस्लिम पत्रकार आणि कार्यकर्त्या स्त्रियांची छायाचित्रं ‘लिलावा’साठी मांडली गेली, तेव्हा तर वादाचं नावही नव्हतं. त्यांनी लिहिलेल्या एकाही वाक्याचं खंडन तिथे नव्हतं. त्यांचीच समाजमाध्यमांवरची छायाचित्रं उचलून, विक्रीच्या मालासारखी लावली होती. मुंबई पोलिसांनी अटका केल्या, त्या तरुण, शिकणाऱ्या मुलांच्या निघाल्या.

यावर एक हुकमी उपाय सुचवला जातो: सगळ्यांना खऱ्या नावाने लिहायला लावा, बुरखा गेला की माणूस नीट वागतो. दक्षिण कोरियाने २००७ मध्ये मोठ्या संकेतस्थळांसाठी तसा कायदाच केला. ऑगस्ट २०१२ मध्ये तिथल्या घटनात्मक न्यायालयाने तो रद्द केला. खरं नाव बाईला कसं पडतं याचा एक पुरावा मुक्त सॉफ्टवेअरच्या जगातूनच आला. गिटहब या कोड ठेवण्याच्या संकेतस्थळावर बाहेरून आलेला कोड स्वीकारला जातो की नाही, याचा एक मोठा अभ्यास २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. प्रकल्पाबाहेरच्या बायकांचा कोड, त्या बाई आहेत हे कळत नसताना, सुमारे ७२ टक्के वेळा स्वीकारला गेला. कळत होतं तेव्हा सुमारे ६२ टक्के. ओळख दिसल्यावर पुरुषांचंही प्रमाण उतरतं, पण इतकं नाही. तेव्हा टोपणनाव हा भित्र्यांचा आडोसा आहे असं बेधडक म्हणण्याआधी तो कोणाकोणाच्या कामी येतो ते पाहावं.

शिवाय खऱ्या नावांचा कारखाना आपल्याकडे घरोघरी आहेच. सोसायटीचा व्हॉट्सॲप ग्रुप घ्या. इथे डूआयडी (एकाच माणसाचं दुसरं, खोटं खातं) नाही, टोपणनाव नाही. फ्लॅट नंबरासकट माणूस ठाऊक. सकाळी बायकोवरचा एक विनोद येतो, खाली हसऱ्या चेहऱ्यांची रांग लागते. ब विंगमधल्या कोणी लिहितात, ‘असले विनोद इथे नकोत, ग्रुप टँकर आणि मेंटेनन्ससाठी आहे.’ मग उत्तरं ठरलेली. ‘मॅडम, हलकं घ्या.’ ‘अहो ताई, विनोद आहे तो.’ ‘आमची सौ. तर खो-खो हसली बुवा.’ चौथा कोणी विषय बदलून भारतीय संस्कृतीत स्त्रीला देवी मानतात असं सांगतो आणि वर एक फुलांचा फोटो टाकतो. बाई पुन्हा लिहितात, या वेळी जरा कडक. तेव्हा ॲडमिन जागा होतो आणि हात जोडल्याच्या चिन्हासह विनंती करतो की कृपया ग्रुपचं वातावरण बिघडवू नये. वातावरण विनोदाने बिघडलं नाही, हरकतीने बिघडलं, असा निकाल त्यात न बोलता लागून जातो. विनोद जागेवर राहतो. टँकरच्या पुढच्या चर्चेत त्या बाई नसतात.

सूर पाहून न्याय करण्याचं हे छोटं रूप. मोठं रूप पुन्हा विकिपीडियावर सापडतं. २०१०च्या एका जागतिक पाहणीत तिथे लिहिणाऱ्यांत स्त्रियांचं प्रमाण जेमतेम १३ टक्के निघालं. विकिमीडिया फाउंडेशनच्या तेव्हाच्या प्रमुख सू गार्डनर यांनी ते २०१५पर्यंत २५ टक्क्यांवर न्यायचं ठरवलं. फेब्रुवारी २०११ मध्ये त्यांनी बायका इथे का लिहीत नाहीत याची नऊ कारणं खुद्द बायकांच्या शब्दांत मांडली. वेळ नसणं, आत्मविश्वास नसणं यांच्या जोडीला भांडकुदळ वातावरण हेही त्यात होतं. लक्ष्य गाठलं गेलं नाही, हे गार्डनर यांनी पुढे उघड मान्य केलं. दरम्यान ही दरी कमी करण्यासाठी काही सदस्यांनी एक कार्यगट उभा केला, आणि त्याच्या चर्चापानावर अशी जुंपली की प्रकरण २०१४च्या अखेरीस लवाद समितीपुढे गेलं. एका बाजूला असंख्य उत्तम लेख घडवलेला, पण जिभेला हाड नसलेला एक जुना संपादक. दुसऱ्या बाजूला चिवटपणे, कधी संतापून तक्रार करत राहिलेली एक स्त्री संपादक. निकालात त्याच्यावर काही विषयांपुरती बंदी आली, तिला प्रकल्पातूनच बाहेर काढण्यात आलं. समितीने नियम वाचूनच निर्णय दिला. ती स्त्री सतत उकरून काढत होती, इतरांच्या हेतूंवर शंका घेत होती, हे खोटं नाही. पण जो माणूस आरामात बसून एक वाक्य फेकतो आणि जो त्या वाक्याविरुद्ध महिनोन्महिने भांडतो, त्या दोघांचा सूर एकाच काट्यावर तोलला तर भांडणाराच जड भरणार. त्याने फेकलेलं वाक्य एक, तिच्या तक्रारी शंभर. २०२१ मध्ये फाउंडेशनने सर्व प्रकल्पांसाठी एक आचारसंहिता मंजूर केली. तीत छळाची, अधिकाराच्या गैरवापराची वेगळी दखल आहे, हे चांगलं झालं.

सभ्यतेच्या या मापाने मराठीतलं एक पुस्तक तर छापूनच आलं नसतं. १८८१ मध्ये सुरतेच्या विजयालक्ष्मी या विधवेला बालहत्येच्या खटल्यात फाशी सुनावली गेली आणि त्या निमित्ताने वर्तमानपत्रांतून साऱ्या स्त्रीजातीवर तोंडसुख घेणं सुरू झालं. ते छापणारे सभ्य गृहस्थ होते, भाषा शुद्ध होती. बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी १८८२ मध्ये ‘स्त्रीपुरुषतुलना’ लिहून त्याला उत्तर दिलं. त्या उत्तरात संयम शोधायला जाऊ नये. टोमणे आहेत, धारदार शब्द आहेत, पुरुषांच्या एकेका दुर्गुणाची सालं काढली आहेत. आजच्या कुठल्याही संस्थळावर ते धागा म्हणून टाकलं तर तासाभरात वाचनमात्र होईल. सुधारक म्हणवणाऱ्यांतही काहींना ते पचलं नाही. जोतीराव फुले मात्र १८८५च्या ‘सत्सार’मध्ये ताराबाईंच्या बाजूने उभे राहिले. त्यानंतर ताराबाईंचं दुसरं पुस्तक आलं नाही. हे पुस्तकही विस्मृतीत गेलं, ते १९७५ मध्ये स. गं. मालशे यांनी पुन्हा बाहेर काढेपर्यंत. फुल्यांनी ताराबाईंची भाषा मवाळ करायला सांगितलं नाही, ही गोष्ट मला त्यांच्या बचावाइतकीच महत्त्वाची वाटते.

मराठी संस्थळांवर बायकांनी आपल्यापुरती एक वाट काढली. मायबोलीवर ‘संयुक्ता’, मिसळपाववर ‘अनाहिता’: फक्त स्त्रियांसाठीचे विभाग. आम्हाला का नाही, तिथे असं काय शिजतं, अशी कुजबूज त्यावर व्हायचीच. हा प्रश्न मराठी पुरुषांची मक्तेदारी नाही. संगणकशास्त्रज्ञ अनिता बोर्ग यांनी १९८७ मध्ये ‘सिस्टर्स’ ही संगणक क्षेत्रातल्या स्त्रियांची मेलिंग लिस्ट सुरू केली तेव्हा अमेरिकेतही हाच आक्षेप घेतला गेला. बायकांच्या विभागात सगळं आलबेल असतं असं ज्यांना वाटतं ते कधी भिशीच्या ग्रुपमध्ये राहिलेले नाहीत. तिथेही कंपू असतात, टोमणे असतात, आणि कोणाचं आडनाव काय यावरून कोणाचा शब्द किती चालतो हेही ठरतं. वेगळ्या खोलीचा फायदा एवढाच की तिथे देहावरून धमकी येत नाही, आणि प्रश्न विचारण्याआधी आपण बाई आहोत याचा खुलासा करावा लागत नाही. तोटा असा की मुख्य फळ्यावर जे चालतं ते तसंच चालू राहतं. उलट हरकत घेणाऱ्या आतल्या खोलीत गेल्यामुळे जास्तच सुखाने चालतं.

मुख्य फळाच बदलता येतो का? मेटाफिल्टर या अमेरिकी संस्थळाचं उदाहरण मला यात सर्वांत उपयोगाचं वाटतं. २००७च्या सुमारास तिथल्या स्त्री सदस्यांनी सांगितलं की हा टवाळ पोरांचा कट्टा झाला आहे. कुठल्याही बाईचा विषय निघाला की पहिले चार प्रतिसाद तिच्या दिसण्यावर. जेसामिन वेस्ट या व्यवसायाने ग्रंथपाल असलेल्या बाई तिथे नियमनाचं काम पाहत. शेकडो प्रतिसादांच्या त्या चर्चेतून शिव्यांची यादी निघाली नाही. ठरलं ते असं की असले प्रतिसाद सदस्यांनी खूण करून दाखवावेत आणि नियामकांनी ते गाजावाजा न करता काढून टाकावेत, भांडण रंगण्याआधी. म्हणजे तक्रारदाराला शंभर वेळा लिहायला लागू नये, याची सोय. हे शक्य झालं कारण तिथे पगारी माणसं नियमनाला बसत आणि खातं उघडायला पाच डॉलर मोजावे लागत. मोठ्या कंपन्यांना हे परवडत नाही असं त्या सांगतात. परवडत नाही हे खरं वाटत नाही. भांडण रंगलं की वाचक जास्त वेळ थांबतो आणि त्या थांबण्याचे पैसे मिळतात.

आपल्या संस्थळांच्या चालकांना, ग्रुपच्या ॲडमिनना मात्र हा मोह नाही. त्यांच्यासाठी एक काम सुचवतो, फार तर दोन संध्याकाळचं. गेल्या वर्षातले सर्वांत गाजलेले दहा धागे काढावेत. प्रतिसादांचा आकडा पाहून खूश होण्याआधी, त्या धाग्यावर लिहून नंतर कुठेच न दिसलेल्या सदस्यांची यादी करावी. प्रत्येकाचा शेवटचा प्रतिसाद आणि त्याच्या लगेच खाली आलेला प्रतिसाद शेजारी ठेवून वाचावा. यादीत पुरुषही निघतील, आणि तेही नियमांच्या बाहेरचं काही बोललेले नसतील. खालच्या प्रतिसादात शिवी क्वचितच सापडेल. ‘हलकं घ्या’ बऱ्याचदा सापडेल. मग त्या सदस्यांना एकेक निरोप पाठवून का थांबलात ते विचारावं, जाहीर धाग्यावर नव्हे, खाजगीत. येतील ती उत्तरं संपादक मंडळापुढे ठेवावीत, नियमावलीत नवं कलम घालण्याच्या आधी.